डागडुजी : जुन्या घराचा एक अलिखित इतिहास

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे म्हणतात. बांधलेले घर दुरुस्त करून पाहावे, असे मात्र कोणी म्हटलेले नाही. म्हणींनी जे केले तेच इतिहासकारांनीही केले आहे. वाड्याचा इतिहास लिहिताना पायाभरणीची तिथी, वास्तुशांतीची तिथी, खर्चाचा आकडा आणि शेवटी आगीची किंवा पडझडीची तारीख एवढे दिले की काम भागते. शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला गेला, २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली, १६,११० रुपये खर्च आला आणि फेब्रुवारी १८२८ मध्ये लागलेल्या आगीत आतील इमारती भस्मसात झाल्या, हे पुण्यातील शाळकरी मुलालाही सांगता येते. पण या दोन टोकांमधली शहाण्णव वर्षे तो वाडा उभा कसा राहिला? तेवढे पावसाळे त्याच्यावरून गेले. तेवढ्या वेळा कोणीतरी छपरावर चढले, कोणीतरी वाळवी लागलेल्या कडीला धीर दिला, कोणीतरी पोपडे धरलेली भिंत खरवडून पुन्हा लिंपली. हा इतिहास घडला, परंतु तो लिहिण्याजोगा आहे असे कोणाला वाटले नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तो आहे.

या कामाला मराठीत शब्द पुष्कळ आहेत आणि ते एकमेकांचे प्रतिशब्द नाहीत, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकाने प्रथम लक्षात घ्यावयास हवी. 'जीर्णोद्धार' देवळाचा होतो, घाटाचा होतो, बारवेचा होतो. त्यात पुण्य असते आणि बहुधा शिलालेखही असतो. 'मयमत' या दाक्षिणात्य वास्तुग्रंथात जीर्ण वास्तूवरील अशा संस्काराला स्वतंत्र अध्यायच दिलेला आहे. 'मरामत' हा अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द. तो गडकोटांचा आणि सरकारवाड्यांचा, त्याला मंजुरी लागते. 'दुरुस्ती' सर्वसाधारण, घड्याळापासून पुलापर्यंत कशाचीही होणारी. 'नूतनीकरण' हा अलीकडचा, कर्जाच्या अर्जात शोभणारा शब्द. आणि 'डागडुजी' हा घराचा शब्द. जरदोजीतली 'दोजी', म्हणजे शिवण, मला त्यात नेहमी ऐकू येते: डाग पडला तेथे ठिगळ, उसवले तेथे टाका. जीर्णोद्धाराचा समारंभ होतो. डागडुजीचा होत नाही, कारण ती दरवर्षी करायची असते. घर हे एकदा बांधून पुरे होणारे काम नाही हे जाणणाऱ्या समाजाने घडवलेला हा शब्द आहे.

ते पुरे का होत नव्हते, हे समजण्यासाठी घर कशाचे होते ते पाहावे लागते. देशावरच्या वाड्याचे जोते काळ्या घडीव दगडाचे. त्यावर सागवानी सांगाडा. उथाळ्यावर उभा केलेला खांब, त्यावर तुळई, तुळईवर कड्या आणि कड्यांवर पाट किंवा किलचण. भार या सांगाड्याने वाहायचा. भिंती मधल्या जागा भरण्यापुरत्या, बाहेरून भाजल्या विटेच्या आणि आतून कच्च्या विटेच्या किंवा निव्वळ मातीच्या. म्हणून घराचे माप चौरस फुटांत सांगितले जात नसे, खणांत सांगितले जाई. पाच खणी सोपा, सात खणी माजघर असे म्हटले की किती तुळया, किती खांब आणि एकंदरीत किती लाकूड, हे ऐकणाऱ्याला कळत असे. खरेदीखतांत आणि वाटणीपत्रांतही घरे खणांनीच वाटली गेली. भाऊ वेगळे झाले तर खण मोजायचे. वासे मोजायचे ते खाल्ल्या घरचे.

मातीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण तिच्याकडे आपण फारच तुच्छतेने पाहतो. गावाच्या शेतजमिनीला 'काळी' आणि वस्तीच्या जागेला 'पांढरी' म्हणण्याची रीत जुनी आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथाच्या वाचकांना ही जोडी परिचित आहे. पांढरी ही नुसती जागा नव्हे, ती मातीही आहे. घर पडले की त्याच्या भिंतींची माती तेथेच पसरते, त्यावर दुसरे घर उभे राहते, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या पडझडीने गावाचे टेकाड उंच होत जाते. पडक्या गढीची पांढरी खणून नेऊन नवी भिंत घालणे, माळवदावर नवा थर देणे, ही सर्रास चालणारी गोष्ट होती. म्हणजे नवी भिंत ही आजोबांच्या भिंतीचीच असे. मातीला मरण नव्हते. पाण्याचे भय तेवढे होते.

या भयातून डागडुजीचे पंचांग तयार झाले. कोकणात मिरगाच्या आधी घर शाकारायचे: जुने गवत किंवा पेंढा उतरवायचा, वासे-रिपा तपासायच्या, नवे पांघरूण घालायचे आणि पावसाच्या तोंडच्या बाजूला झापांच्या झडी बांधायच्या. जेथे नळीची कौले होती तेथे ती चाळायची. मांजरांनी, माकडांनी आणि वाऱ्याने सरकलेले प्रत्येक कौल उचलून पुन्हा बसवायचे, फुटले असेल ते बदलायचे. देशावर माळवदावर खारवट पांढरी पसरून चोपायची, म्हणजे गवत रुजत नाही आणि पाणी पन्हळीकडे धावते. पावसाळा संपला की दसरा-दिवाळीच्या आधी ओल धरलेल्या भिंती खरवडायच्या, पोतेरे द्यायचे, चुन्याची सफेती करायची, खालच्या पट्ट्याला गेरू किंवा काव. यांतले छपराचे काम पुरुषांचे आणि बाहेरून आलेल्या माणसांचे; सारवण, पोतेरे आणि भिंतींच्या खालच्या हाताचे काम घरातल्या बायकांचे. वाड्याच्या आयुर्मर्यादेचा हिशेब मांडताना त्या बायकांच्या हाताचा हिशेब कोणी धरलेला नाही. तो धरला तर शंभर वर्षे टिकलेल्या भिंतीवर मूळ गवंड्याचा एक थर आणि त्यांचे शेकडो थर निघतील.

बाहेरून येणाऱ्या माणसांचे आणि घराचे नाते काय होते? सुतार आणि लोहार हे बारा बलुतेदारांपैकी; गवंड्याचे नाव त्या बारांच्या यादीत सहसा नसते. सुताराला खळ्यावर धान्य मिळे ते मुख्यतः नांगर, कुळव, मोट यांच्या कामाबद्दल. घराच्या नव्या कामाची मजुरी निराळी ठरे. परंतु वासा मोडला, दाराची चूल निसटली, अडसर बसेनासा झाला, तर निरोप जाई तो त्याच सुताराला, आणि तो येई कारण पुढच्या सुगीलाही तो त्याच खळ्यावर उभा राहणार असे. या नात्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. सुताराला 'नाही' म्हणण्याची सोय नव्हती. त्याचा पडवीपर्यंतचा प्रवेश आणि त्याच्या पाण्याचे भांडे कोठे ठेवायचे हे जातीने ठरलेले होते. ज्या देवघराचे दार त्याने कोरले त्याचा उंबरा ओलांडण्याची त्याला मुभा असेलच असे नाही. दगड फोडणारे वडार, दगड घडवणारे पाथरवट, माती-दगडाचे काम करणारे बेलदार, चुनखडी भाजून चुना करणारे लोणारी, कौले आणि विटा भाजणारे कुंभार, यांच्याशिवाय एकही वाडा उभा राहिला नाही आणि यांच्यापैकी फार थोड्यांची घरे दगडी जोत्यावर उभी राहिली. एवढे मान्य करूनही एक गोष्ट उरते. घराला कोण कोठे दुखते आहे हे ठाऊक असलेला माणूस गावात होता आणि तो दरवर्षी त्या घरात येत होता.

शनिवारवाड्यासारख्या मोठ्या कामात कारागिरांची काही नावे टिकली आहेत. जुन्नरच्या जंगलांतले सागवान, चिंचवडच्या खाणींतला दगड आणि जेजुरीकडचा चुना यांच्याबरोबर कोंडाजी सुतार, मोरारजी पाथरवट, जडावकामासाठी जयपूरहून आलेला भोजराज, राघो चितारी ही नावे त्या वाड्याच्या वर्णनांत परंपरेने येतात. नावे राहिली, काम राहिले नाही. आग लागते ती सुताराच्या आणि चिताऱ्याच्या कामाला, पाथरवटाचे जोते मागे उरते. बाजीराव दुसऱ्याच्या विश्रामबाग वाड्याचे नशीब त्या मानाने बरे. १८७९ च्या मे महिन्यात तो पेटवला गेला आणि त्याचा पूर्वेकडील दर्शनी भाग जळाला; नंतर लोकवर्गणी आणि नगरपालिकेचा पैसा यांतून तो पुन्हा उभारण्यात आला. सुरूच्या आकाराचे खांब आणि केळफुलांचे हस्त असलेला तो सज्जा पाहताना आपण पेशवाईची कारागिरी म्हणून माना डोलावतो. त्या भागातील कामाचे श्रेय पेशव्यांच्या सुतारांइतकेच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पुणेरी सुतारांकडेही जाते, आणि त्यांची नावे कोणी विचारत नाही.

एकोणिसाव्या शतकात या नात्याची भाषाच बदलली. पोर्तुगीजांच्या 'मेस्त्रे'पासून आलेला मेस्त्री किंवा मिस्त्री पूर्वीच रुळला होता. आता त्याच्या डोक्यावर कंत्राटदार आला. सार्वजनिक बांधकामाचे खाते, निविदा, मोजमाप-वही, हजेरीपट हे सारे त्याच्यामागून आले. जोतीराव फुले हे स्वतः बांधकामाची कंत्राटे घेत असत, हे त्यांच्या चरित्रातील तपशील म्हणून आपण वाचतो आणि पुढे जातो. माझ्या मते तो त्यांच्या गद्याच्या आणि पद्याच्या आकलनाशी निगडित असा भाग आहे. इंजिनिअर खात्यातील कारकून आणि देखरेख करणारे मजुरांना कसे नाडतात, हे त्यांनी पद्यात मांडले ते मोजमाप-वही प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाच्या अधिकाराने. किती ब्रास दगड आला आणि किती लिहिला गेला, किती माणसे कामावर होती आणि किती हजेरीपटावर, या फरकात राहणारा अन्याय मराठी साहित्यात त्यांच्याआधी कोणी दाखवलेला मला ठाऊक नाही. पुढे लक्ष्मण गायकवाडांनी 'वडार वेदना' लिहिली तेव्हा दगड फोडणाऱ्याचा हात आतून बोलू लागला.

आम्हा समीक्षकांना तर या माणसांचे विशेष देणे आहे. कादंबरीची 'बांधणी', कवितेची 'घडण', नाटकाचा 'घाट', वाक्यांचे 'सांधे', शैलीची 'कलाकुसर' ही सारी उसनवारी सुतार, कुंभार, पाथरवट यांच्या पेठेतली. पण आमची उचल फार वरवरची. सुताराचे ओळंबा, गुण्या, पटाशी, किंकरे, गवंड्याचे पाणसळ, थापी, दरजा भरणे यांकडे आम्ही गेलोच नाही. भिंत ओळंब्यात आहे की नाही हे तो जसे दोरी सोडून पाहतो, तसे पाहण्याचे साधन आमच्याकडे नसल्यामुळे असेल. मोल्सवर्थच्या कोशात (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'त हे शब्द आहेत, कोशकारांनी गवंड्याला आणि सुताराला विचारले, म्हणून ते आहेत.

आता चुन्याकडे वळतो. जुन्या घराच्या दुरुस्तीतील सगळे तंटे अखेर येथे येऊन थांबतात. चुनखडी भट्टीत भाजायची, पाणी घालून विरवायची, मग वाळू किंवा विटेची भुकटी मिसळून घाणीत मळायची. गोल दगडी चर, त्यात फिरणारे जड चाक आणि जुंपलेला बैल अशी ही घाणी. अनेक गडांवर ती आजही पाहावयास मिळते. मळताना गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचे पाणी, उडदाचे पीठ, ताग असे प्रदेशाप्रमाणे आणि घराण्याप्रमाणे काही ना काही पडे. भारतभर याची भावंडे आहेत: जयपूरकडचे आरशासारखे घोटलेले अरायश, चेट्टिनाडमधील अंड्याच्या पांढऱ्या भागाने तुळतुळीत केलेल्या भिंती. बाराव्या शतकातील सोमेश्वर चालुक्याच्या 'मानसोल्लासा'कडे आपण जुन्या मराठीचा मागोवा घेण्यासाठी जातो. त्याच ग्रंथात चित्रासाठी भिंत कशी तयार करावी, म्हशीचे कातडे उकळून वज्रलेप कसा करावा, हेही सांगितलेले आहे. या साऱ्या कृतींना समान असे एकच द्रव्य लागते, ते म्हणजे वेळ. चुना हवेतील कर्बवायू शोषून सावकाश दगड होतो. लिंपल्यानंतरही महिनोन्‌महिने तो घडत असतो. तो श्वास घेणारा असतो, म्हणजे मातीच्या भिंतीत चढलेली ओल त्यातून बाहेर पडू शकते. आणि भाषेचा विनोद असा की इतक्या प्रामाणिक द्रव्याच्या नावाने आपण 'चुना लावणे' हा वाक्प्रचार फसवणुकीसाठी राखून ठेवला.

या जगात एकामागून एक नव्या वस्तू आल्या. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि काही दशकांत मंगलोरी कौलांनी नळीच्या कौलांना पार मागे सारले. ही सुधारणा खरीच होती. सपाट, खाचेत खाच बसणारे कौल दरवर्षी चाळावे लागत नाही. परंतु ज्या दिवशी कौले चाळावी लागेनाशी झाली, त्या दिवसापासून वर्षातून एकदा छपरावर चढून आढे आणि वासे डोळ्यांखालून घालणारा माणूसही येईनासा झाला. पोरबंदरच्या कारखान्यातून १९१४ साली सिमेंट बाहेर पडू लागले आणि पुढच्या पन्नास वर्षांत ते तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचले. सिमेंटविषयी मला आकस नाही. धरणे आणि पूल त्याने बांधावेतच. मातीच्या भिंतीवर त्याचा गिलावा केला की मात्र ओल आत कोंडते, क्षार साचतात, आतली माती भुसभुशीत होते आणि वरचे कवच अखंड दिसत असतानाच एक दिवस पाटासारखे सुटून येते. दोष सिमेंटचा नसतो, जोडीचा असतो.

त्याच सुमारास कायद्यानेही घराचे एक नाते तोडले. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीशी बांधून टाकली. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूला रस्त्यावर येऊ न देणे हा त्याचा हेतू योग्यच होता, आणि लाखो कुटुंबे त्यामुळे तगली. घर राहण्यायोग्य ठेवण्याची जबाबदारी कायद्याने मालकावरच ठेवली. परंतु खणाला चार-पाच रुपये भाडे मिळवणारा मालक एका तुळईची किंमत कोठून देणार? पुण्याच्या पेठांतल्या वाड्यांत बिऱ्हाडे वाढत गेली, मालक कोपऱ्यातल्या दोन खणांत सरकला, आणि गळणारे छप्पर हे कोणाचेच राहिले नाही. मालक म्हणे भाडेकरूने करावे, भाडेकरू म्हणे मालकाने. वाड्यांतल्या जगण्यावर मराठीत जे खेळकर लेखन झाले त्यात हे भांडण विनोदाचा विषय झाले आहे. त्या विनोदाखाली सडणाऱ्या वाशांचा आवाज ऐकू येतो तो आता, वाडे गेल्यावर. मुंबईत तर शासनालाच दुरुस्तीच्या कामाला उतरावे लागले. १९६९ मध्ये जुन्या इमारतींवर दुरुस्ती उपकर बसवला गेला तेव्हा अशा उपकरप्राप्त इमारतींची संख्या १९,६४२ होती. डागडुजी हा घरगुती शब्द त्या दिवशी एका मंडळाच्या स्वाधीन झाला.

आणि १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. नदीकाठच्या पेठांतील घरांत शिरलेल्या पाण्याने मातीच्या भिंती विरघळवल्या. वर्षानुवर्षे पोतेरे आणि सफेती यांनी जे पाणी थोपवले होते ते एका दुपारी आत आले. जेथे लाकडाचा सांगाडा धड होता तेथे भिंत गेली आणि मजला उभा राहिला. जेथे तो आधीच खिळखिळा होता तेथे काहीच राहिले नाही. पुराला दोष देणे सोपे आहे. त्यामागे न झालेल्या वीस वर्षांच्या दुरुस्त्याही होत्या.

१९९४ च्या उन्हाळ्यात सातारा भागातील आमच्या जुन्या घराची मागची भिंत फुगली, तेव्हा साठीच्या घरातील एका गवंड्याला बोलावले होते. त्यांनी भिंतीवर पंजा ठेवला, वर पाहिले, आणि भिंतीविषयी बोलायच्या आधी छपराविषयी बोलू लागले.

"मास्तर, भिंत पडली तर माळा नाही पडायचा. पण वरचं पाणी थांबवलं नाही, तर मी भिंत किती वेळा बांधू?"

मी चुन्याचा विषय काढला. वाचून आलेला उत्साह होता तो. ते हसले.

"वडील करायचे. मी लहानपणी घाणीमागं बैल हाकलेत. चुना आठ-आठ दिवस भिजत ठेवायचा असतो, मास्तर. त्या आठ दिवसांचा रोज कोण देतंय? सिमेंट सकाळी कालवलं की सांजच्याला हिशेब."

"आणि तुम्हांला रोज मिळाला तर?"

"मला मिळंल. पण माझ्या पोराला रोज कोण देणार? तो एकट्या तुमच्या घरासाठी का शिकंल?"

या उत्तरातील अर्थशास्त्र मला नंतरच्या कोणत्याही ग्रंथात इतके नेमके सापडले नाही. पारंपरिक कौशल्ये 'लोप पावली' असे आपण लिहितो, जणू काही ती विसरली गेली. गवंडी काही विसरले नव्हते. त्यांनी त्या कामाची किंमत काढली आणि ती देणारा कोणी नाही हे ओळखून मुलाला सिमेंटच्या कामावर धाडले. त्या वर्षी आम्ही आधी कौले बदलली, मग मातीत भिंत घातली आणि बाहेरून चुना लावला. तो त्यांनी स्वतः लावला. मुलगा कोरेगावला एका इमारतीवर होता. गिलाव्यासाठी काढलेली जुनी माती फेकू न देता त्यांनी ती पुन्हा कालवली. नवी कोठून आणता, ही मुरलेली आहे, एवढेच म्हणाले.

सजावटीचा प्रश्न या सगळ्याहून वेगळा वाटतो. तसा तो नाही. दिवाणखान्यातील हंड्या-झुंबरे, तक्तपोशीवरची रंगीत नक्षी, भिंतींवरची दशावताराची चित्रे ही घराच्या वैभवाची गोष्ट म्हणून वर्णिली जातात. पण चित्र टिकते ते गिलावा टिकला तर, आणि गिलावा टिकतो तो छप्पर टिकले तर. पुण्याच्या नाना वाड्यातील (१७८०) आणि वाईजवळच्या मेणवलीच्या वाड्यातील भित्तिचित्रे आज जी पाहायला मिळतात, त्यांचा इतिहास चिताऱ्यापाशी सुरू होत असला तरी तो कौले चाळणाऱ्यापाशी अडकलेला आहे. उलटही घडले आहे. ज्या सफेतीने भिंती राखल्या तिनेच कित्येक चित्रे झाकली. दर दिवाळीला एक थर याप्रमाणे चुन्याखाली गेलेले चित्र शस्त्राने पापुद्रा पापुद्रा काढून बाहेर आणावे लागते. झाकणाऱ्या हातांना आपण अडाणी म्हणतो. मला तसे म्हणवत नाही. त्या हातांना भिंत कोरडी ठेवायची होती, आणि चुन्याखाली गेलेली चित्रे पुष्कळदा उघड्यावर राहिलेल्या चित्रांपेक्षा बरी निघतात.

चित्रांचे जे, तेच कागदांचे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करावयास सुरुवात केली आणि पुढे आयुष्यभर ते वाड्यावाड्यांतून दप्तरे शोधीत हिंडले. रुमाल माळ्यावर असत, फडताळात असत, भिंतीतल्या कोनाड्यांत असत. ज्या घराची शाकारणी वेळेवर झाली तेथील रुमाल सापडले. जेथे ती चुकली तेथे वाळवीचा आणि पाण्याचा लगदा सापडला. मराठ्यांच्या इतिहासापैकी काय आपल्याला कळावे आणि काय कळू नये, याची निवड पुष्कळ अंशी गावोगावच्या छपरांनी केलेली आहे. इतिहाससंशोधनाच्या पद्धतीवर लिहिताना या गोष्टीची दखल घेतली जात नाही, याचे मला नवल वाटते.

गेल्या तीन-चार दशकांत वारा फिरलेला आहे. मुंबईत १९९५ साली वारसा वास्तूंसाठी नियमावली आली, पुण्यात विश्रामबाग वाडा आणि नाना वाडा यांच्या जतनाची कामे झाली, चुन्याची घाणी पुन्हा फिरू लागली. फक्त बैलाच्या जागी मोटर आली. खाजगी मालकही जुने घर पाडण्याऐवजी राखण्याचा विचार करू लागले आहेत, आणि त्यांच्यासाठी वाडे उतरवताना निघालेले कोरीव खांब, दारे, पाट विकणारा एक बाजार उभा राहिला आहे. म्हणजे एका घराची डागडुजी आता दुसऱ्या घराच्या मृत्यूवर चालते. पांढरीच्या मातीचेही तसेच होते, असे कोणी म्हणेल. पण मातीची किंमत गावातल्या गावात राहत असे. फलटणच्या वाड्याचा खांब मुंबईच्या उपाहारगृहात उभा राहतो तेव्हा त्याच्या डोक्यावर तुळई नसते.

नव्या जतनकामांत चुना आला, सागवान आले, प्रशिक्षित वास्तुविशारद आले. काम मात्र निविदेने दिले जाते, चौरस मीटरने मोजले जाते आणि दोषदायित्वाचा ठरलेला काळ संपला की कंत्राटदार व घर यांचा संबंध संपतो. पुढच्या मृगाला छपरावर कोण चढणार, हा रकाना निविदेच्या नमुन्यात नसतो. वाडा दहा वर्षे तसाच राहतो आणि मग पुन्हा मोठी रक्कम मंजूर करावी लागते. सुंभ आणि पीळ दोन्ही विकत घेण्याची ही महागडी रीत आहे.

महेश एलकुंचवार यांचे 'वाडा चिरेबंदी' १९८५ मध्ये रंगभूमीवर आले. विदर्भातील देशपांड्यांचा तो वाडा नावाने चिरेबंदी आणि दिसायला खचत चाललेला. अंगणात नादुरुस्त ट्रॅक्टर गंजत पडलेला. नाटकाविषयी पुष्कळ लिहिले गेले: एकत्र कुटुंबाचे विघटन, सरंजामी मूल्यांचा ऱ्हास, शहर आणि गाव यांतील ताण. ते सारे रास्त आहे. पण पात्रयादी पुन्हा एकदा वाचावी. तीत आजी आहे, आई आहे, भाऊ आहेत, सुना आहेत, मुले आहेत. गावात कोणी सुतार असेल, गवंडी असेल. त्याला निरोप धाडावा असे त्या घरात कोणी म्हणत नाही, कारण त्याला द्यायचे धान्य खळ्यावर उरलेले नाही आणि रोख पैसा तर नाहीच. चंदू मात्र राबतो आहे, जखमी पायाने, घरातलाच एक माणूस बिनमजुरीचा होऊन.